सरजाबाईचं घाण पाणी

लिहायची मला सवय नाही, त्यामुळे हे जमेल की नाही कोण जाणे. पण झरी गावच्या सरजाबाई परटिणीबद्दल कुणी काही लिहिल्याचं ऐकलं नाही, म्हणून बसलो.

एक्याण्णवचा उन्हाळा. नवऱ्यामागं सरजाबाईनं विहिरीशेजारच्या दगडांवर कपडे धुऊन घर चालवलं होतं. निम्मं गाव आणि मी जिथं शिपाई होतो त्या बोर्डिंगच्या चादरी तिच्याकडं. सोड्याच्या जागी धुण्याची पावडर आली, ते पाणी झिरपलं आणि विहिरीच्या बादलीत फेस दिसू लागला. धुणं गावाबाहेर न्या, असं सरपंच किशनरावांनी सांगितलं. गावाबाहेर पाणीच नव्हतं. म्हणजे धंदाच बंद.

परभणीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे नागनाथ सर तेव्हा बोर्डिंगात उतरले होते. त्यांना मी हे सांगितलं. पुढच्या खेपेला ते एक यंत्र घेऊन आले: नळीत गुंडाळलेला बारीक पडदा, आणि त्यातून पाणी दाबायला हातपंप. साबण अलीकडं अडेल, पाणी पलीकडं येईल, असं ते म्हणाले.

गाव जमलं. सरजाबाईनं धुण्याचं पाणी यंत्राच्या टाकीत ओतलं, पंप मी मारला. आलेलं पाणी सरांनी बाटलीत हलवलं, तर फेसच फेस.

"एवढं तर आमची विहीरबी करायलीय, सर," किशनराव म्हणाले. लोक हसले.

सरांनी टाकीत पाहिलं. धुण्याचं पाणी इतकं नितळ कसं, असं विचारल्यावर सरजाबाई खाली बघत म्हणाली, "पाव्हण्यापुढं घाण पाणी कसं ठेवावं? चार घागरी चांगलं ओतलं त्यात."

सर रागावले नाहीत. साबण दाट असला की त्याच्या कणांचे गुच्छ होतात, ते पडदा अडवतो. पातळ केला की कण सुटे होऊन निसटतात, असं त्यांनी समजावलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं सगळ्यात घाण पाणी आणा."

"ते लय हाय," ती म्हणाली.

चादरी भिजवलेलं काळं, बुळबुळीत पाणी तिनं ओतलं. मी पुन्हा जोर लावला. पलीकडं स्वच्छ धार आली. बाटली हलवली, काठाशी जरासा फेस आला नि विरला. किशनरावांनी स्वतः हलवून पाहिलं. अडलेला दाट साबण पुढच्या भिजवणीला, स्वच्छ पाणी खळबळायला; विहिरीकडं काहीच जाणार नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या धुणं हितंच," किशनराव म्हणाले.

सरजाबाईनं पदर खोचला. "मग डोईचा पटका सोडा, सरपंच. ह्याच पाण्यात काढून देते."

किशनरावांनी पटका सोडला. तिनं तो दगडावर असा आपटला, की पारावरची माणसंसुद्धा उठून बघायला आली.