रत्नप्रभेच्या गोठ्यातले जंत

जोगेश्वरीच्या पूर्वेला टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या गोठ्यांची एक रांग होती. कुणाच्या दोन म्हशी, कुणाच्या चार. त्या रांगेतल्या एकूण एक माणसाकडे रत्नप्रभा नाकाला पदर लावून बघायची. लग्न होऊन मालवणाकडून आलेली. नवरा सहदेव गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडलीच नाही आणि तो घरी बसून विड्या ओढू लागला, तेव्हा हिनंच गळ्यातलं मोडून दोन म्हशी घेतल्या. त्या दिवसापासून सहदेव तिच्या खिजगणतीत नव्हता. तो मदतीला उठला तर म्हणायची, "तू बसलेलोच बरो. उठलंस की कायतरी सांडतस."

तिच्या या तुच्छतेला कारण नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. रांगेत म्हैस व्याली की लोक डबे घेऊन धावत सुटायचे. खरवस पाहिजे ना! पारडू अजून ओलं आहे, थरथरत उभं राहायला बघतंय, आणि त्याच्या तोंडचा चीक मास्तरांच्या नि वाण्याच्या घरी वेलदोडा घालून वाफवला जातोय. पारड्याला काय मिळायचं, तर उरलंसुरलं. पुढे ते हगायला लागलं, मान टाकून पडलं, की हीच खरवसखाऊ मंडळी गोठ्याच्या दारात उभी राहून चुकचुकायची. चुकचुकताना ओठ पुसायचीही तसदी घ्यायची नाहीत. रत्नप्रभेला त्यांची शिसारी यायची.

म्हणून तिची म्हैस व्याली तेव्हा तिनं दार आतून लावून घेतलं. पारडी झाली होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिनं तिचं अंग कोरडं पुसलं, नाळेला टिंचर आयोडीन लावलं आणि पहिला चीक पोटभर तिलाच पाजला. बाहेर डबे वाजत राहिले. तिनं जमिनीवर चुना मारला, वर कोरडा पेंढा पसरला आणि तो रोज बदलला. पारडीचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवलं आणि ते स्वतःच्या ताटासारखं घासलं. पारडीला तिनं टिकली म्हणून हाक मारायला सुरुवात केली. दोन्ही म्हशी विकत आणलेल्या होत्या. तिच्या हातात जन्मून तिच्याच दावणीला म्हैस होणारी ही पहिलीच. टिकली जगली की आपण या रांगेतल्या भिकाऱ्यांपैकी नाही हे कायमचं ठरणार, असं तिनं मनाशी घेतलं होतं.

शेजारचा गोठा पार्वतीचा. बाईच्या गोठ्यात शेण सकाळचं संध्याकाळपर्यंत तसंच, भांडी कुठेही लोळतायत, आणि बाई त्यातून अनवाणी फिरतेय. टिकलीला दोनेक आठवडे होत आले तेव्हा ही पार्वती हातात बाटली घेऊन दारात आली.

"अगं, जनावरांच्या दवाखान्यातून जंताचं औषध आणलंय. उरलंय बघ. तुझ्या पारडीला पाज ना."

रत्नप्रभेनं पदर नाकाला लावला. "जंत? माज्या पारडयेक? जंत घाणीत होतत गो. तुज्या गोठ्यात पाज, आणि उरलां तर तूय घे वाईच."

"नको तर नको. मला काय कळतंय? डॉक्टर म्हणाला म्हणून पाजते," पार्वती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर टिकलीच्या अंगावरचे केस राठ झाले. पोट फुगलं, बरगड्या मात्र दिसायला लागल्या. मग हगवण लागली. चिकणमातीच्या रंगाची, आणि वास असा की चुन्यालाही दाद देईना. रत्नप्रभेनं पहिला संशय सहदेवावर घेतला: विडीचे हात लावले असणार. त्याला गोठाबंदी झाली. पेंढा दिवसातून दोनदा बदलला जाऊ लागला. शेपटी धुऊन पुसून ठेवायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये. दवाखाना काही फार लांब नव्हता. पण पारडीला घेऊन जायचं तर सगळ्या रांगेसमोरून जायला हवं, आणि रत्नप्रभेची पारडी हगते हे या लोकांना कळणं तिला मरणाहून वाईट वाटत होतं. कुणाचं मरण, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

टिकली उभी राहीना तेव्हा डॉक्टरला कुणी आणलं, तर सहदेवानं. कुणाला न विचारता, पायात चपला न घालता धावत गेला. डॉक्टरनं शिरेतून सलाइन लावलं, औषध पाजलं. संध्याकाळच्या आत त्या पांढऱ्याशुभ्र चुन्यावर जंत पडले. लांब, जाड, पिवळट, एकमेकांत गुंतलेले.

"ह्ये खयसून इले?" रत्नप्रभेनं विचारलं.

"आईकडून," डॉक्टर म्हणाला. "म्हशीच्या अंगात असतात. चिकातून, दुधातून पिल्लाच्या पोटात येतात. गोठा कितीही धुवा, उपयोग नाही. चीक पाजायचाच, पण वेळेवर औषधही द्यायचं. तुम्ही उशीर केलात, बाई."

अंधार पडायच्या आत टिकली गेली. रत्नप्रभा तिचं डोकं मांडीवर घेऊन त्या घाणीतच बसून राहिली. लुगडं भरलं, तरी ती उठली नाही. टिकलीवर तिचा फार जीव होता.

मग लोक आले. चुकचुकले. सहदेव रडत रडत म्हणाला, "नजर लागली हो!" आणि सगळ्यांच्या माना पार्वतीकडे वळल्या. जळत असणारच ती, कुणीतरी कुजबुजलं. सगळ्यांना पटलं, कारण जंतांसाठी दवाखान्यापर्यंत चालत जावं लागतं आणि नजरेसाठी शेजारीण पुरते.

"नजर-बिजर काय नाय," रत्नप्रभा मोठ्यानं म्हणाली. "जंत होते. पार्वतीन औषध आणलेलां, मी नको म्हटलंय. माज्या तोऱ्यान मारल्यान तिका."

"धक्का बसलाय बिचारीला," लोक म्हणाले, आणि नजर ती नजरच राहिली. पार्वतीला दारात उभं करणं लोकांनी बंद केलं.

पावसाळा सरता सरता रांगेतल्या म्हशी एकामागून एक व्याल्या. पारड्यांच्या गळ्यात काळे दोरे आले, दारांवर लिंबू-मिरच्या टांगल्या गेल्या. औषध आणायला कुणी गेलं नाही. शेवटी रत्नप्रभा स्वतः दवाखान्यातून औषध घेऊन आली आणि ज्यांच्याकडे आयुष्यभर नाक मुरडून पाहिलं त्यांच्याच दारोदार गेली. टोकाच्या गोठ्यातली सुनंदा दार अडवून उभी राहिली. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग रत्नप्रभेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"आमच्यात नाही चालत असलं. आणि तुझं औषध एवढं भारी, तर तुझी कशी गं मेली?"

रत्नप्रभेनं बाटली पुढे धरली, पण सुनंदा दारातून हलली नाही. तिच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. पेंढ्यावर पारडू मान टाकून पडलं होतं आणि गळ्यातला काळा दोरा नवा कोरा होता.