हात मोकळे ठेवणारा पंप

परंड्यात माझं पंपांचं दुकान आहे. विहिरीची मोटार, बोअरचा पंप, ठिबकचे पाइप, पाठीवरचे फवारणीचे पंप. गिऱ्हाईक आलं की विहीर किती खोल आणि शेत किती लांब एवढं विचारायचं आणि पंप काढून द्यायचा, यातच माझी निम्मी हयात गेली. पण बायकोनं स्वतःसाठी पंप मागितला तेव्हा मला काही सुचेना.

ती कोकणातली. वडील मासेमारी करणारे, घर समुद्राला लागून. लग्नानंतर ती इकडं आली, शाळेत खेळाची शिक्षिका झाली, ज्वारीच्या भाकरी थापायला शिकली. पण पाणी तिच्या डोक्यातून गेलं नाही. चाळिशी उलटल्यावर तिनं माहेरच्या किनाऱ्यावरून एक जुनी कयाक आणली. समुद्रात चालवायची लांब, निमुळती होडी, वरून बंद, मधे एका माणसापुरती बसायची जागा. टेम्पोवरून ती उतरवताना माझी आई म्हणाली, "अगं, हिच्यात बसायचं कुठं? ही तर बैलाच्या गव्हाणीएवढी बी रुंद न्हाय."

"बसून दाखवते की," ती म्हणाली.

दर रविवारी आम्ही कोळेगावच्या धरणावर जायचो. ती पाण्यात, मी काठावर. माहेरच्या किनाऱ्यासमोर एक छोटं बेट आहे. तिथवर स्वतः वल्हवत जाऊन यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

एका दुपारी अचानक वारा सुटला. एक लाट होडीवरून गेली आणि बसायच्या जागेत पाणी भरलं. तिनं वल्हं बाजूला ठेवलं आणि पिचकारीसारख्या ओढायच्या हातपंपानं पाणी उपसायला सुरुवात केली. तेवढ्यात होडी वाऱ्याला आडवी झाली, दुसरी लाट आली आणि ती पाण्यात पडली. अंगात लाइफ जॅकेट होतं. होडी ओढत, पोहत ती काठाला आली. मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. ती केस पिळत म्हणाली, "अहो, हातपंप कामाचा नाही. पाणी उपसायचं तर वल्हं सोडावं लागतं, आणि वल्हं सोडलं की होडी आपली राहत नाही. हात न गुंतवता चालणारा पंप बघा."

असे पंप दोन तऱ्हेचे मिळतात. एक पायानं दाबायचा, दुसरा बॅटरीवरचा. मी लगेच बॅटरीचा म्हणालो. तिला ते पटलं नाही.

"बॅटरी उतरली तर? खारं पाणी तारेत गेलं तर? पाय काही बंद पडत नाहीत माझे."

शाळेच्या मैदानावर आजही मुलींच्या पुढं धावणारी बाई ती. वाद घालण्यात अर्थ नव्हता. शेवटी तीच म्हणाली, "दोन्ही बसवा. पाण्यातच ठरवू."

मी पायाचा पंप तिच्या तळव्यांसमोर पक्का केला. बॅटरीचा लहानसा पंप सीटच्या मागं, बॅटरी झाकणाच्या डब्यात, आणि कोपरानं दाबता येईल असं मोठं बटण समोर. चाचणीसाठी तिनं मुद्दाम वाऱ्याचा दिवस निवडला. बादलीनं स्वतःच होडीत पाणी ओतलं आणि आत गेली.

आधी पायाचा पंप. बाजूच्या नळीतून पाणी बाहेर पडताना मला काठावरून दिसत होतं. छान चाललं होतं. मला वाटलं, जिंकली ही. मग ती परत आली, पुन्हा पाणी ओतलं, आत गेली आणि बटण दाबलं. आता पाण्याची धार अखंड पडत होती आणि तिचे दोन्ही हात वल्ह्यावर होते.

काठाला आल्यावर म्हणाली, "पायाचा काढून टाका."

"का? चांगला तर चालला होता."

"पंप चालला. पण दाबायला पाय उचलला की मी डगमगते. लाटेत होडी मी पायांनी आणि गुडघ्यांनी धरून ठेवते, हे आजवर ध्यानातच आलं नव्हतं. मी नुसता हातांचाच विचार करत बसले."

चुकीचा पंप घेतलेली लई माणसं मी दुकानात बघितलीत. शेत वाळलं तरी आपलंच खरं म्हणतात. हिनं महिनाभर धरलेला हट्ट होडीतून उतरता उतरता सोडला, आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. घरी येऊन पाना घेतला आणि पायाचा पंप स्वतःच्या हातानं खोलला.

पण माझाही डबा तिनं सहजासहजी पास केला नाही. पुढचे कितीतरी रविवार ती मुद्दाम होडी उलटवायची, वर यायची आणि बटण दाबून बघायची. एकदा तार जाते त्या भोकातून डब्यात पाणी शिरलं आणि पंप मुका झाला. मी ते भोक नव्यानं बुजवलं. तिनं पुन्हा उलटवली. हातपंप मात्र तिनं फेकला नाही. तो पाठीमागं बांधलेलाच ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिच्या माहेरी गेलो. ती पुढं कयाकमध्ये, मागं सासऱ्यांच्या यांत्रिक होडीत मी. बेट जवळ आलं तशा लाटा उंच झाल्या. एक लाट थेट तिच्या छातीवर फुटली. क्षणभर मला नुसता फेस दिसला. मग कयाकच्या कुशीतून पाण्याची धार उडाली.

सासरे सुकाणू धरून, त्या धारेकडं बोट करत ओरडले, "ह्या पाणी खंयसून येता?"

"पंप आहे मामा, बॅटरीवरचा!"

ते लेकीकडं टक लावून बघत होते. तिचे हात एका लयीत चालले होते, डावा, उजवा, डावा. होडीचं तोंड लाटेवरून जरासुद्धा हललं नाही. धार बारीक होत होत थांबली.

"कोणी शिकवल्यान हिका?" त्यांनी विचारलं.

"तिची तीच शिकली," मी म्हणालो.

बेटाच्या वाळूवर ती आमच्या आधी पोचली होती. होडी वर ओढून, आत वाकून, उरलेलं घोटभर पाणी स्पंजानं पुसत होती. आम्ही उतरल्यावर तिनं वडिलांना वाऱ्याची दिशा तेवढी विचारली, "बाबा, परतताना वारो खंयचो?"