झाडून ठेवलेली जागा

ईश्वर मेश्रामइतका टापटिपीचा माणूस मी शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमध्ये दुसरा पाहिला नाही, आणि दिसूही नये. तो, त्याची बायको सुजाता आणि मुलगी हर्षिता आमच्या खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. चहा संपायच्या आत कप उचलायचा. "तुला दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो, घरी तरी सुट्टी घे," असं मी त्याला चिडवायची. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता तो. नागपूरला लहानपणी वस्तीतल्या विहाराचं अंगण रविवारी वंदनेआधी झाडायचं काम त्याचं असायचं. ती सवय त्याच्या हाडीमाशी खिळली होती. जिथं मान द्यायचा ती जागा झाडायची, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुजाता अगदी उलट. पसाऱ्यात रमणारी आणि बारा महिने थंडीनं काकडणारी. २००१ च्या हिवाळ्यात आम्ही सगळे मोठ्या सरोवराला वळसा घालून पलीकडच्या मिशिगन राज्यातलं, बीच नावाच्या झाडांचं जुनं जंगल बघायला गेलो. करड्या, गुळगुळीत बुंध्यांची ती थोराड झाडं पार बोडकी झाली होती. त्यांच्या पायाशी उगवलेली गुडघाभर रोपं मात्र वाळकी पानं अंगावर धरून उभी होती.

"ही माझ्यासारखीच हो," सुजाता म्हणाली. "स्वेटर काढायला तयार नाहीत."

तिथल्या जंगलाची राखण करणाऱ्या रेंजरबाईंनी सांगितलं, की ही रोपं मोठ्या झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षं तशीच थांबून राहतात. एखादं म्हातारं झाड पडलं, वरून उजेड आला, की मग वाढायला लागतात. सुजाताला ते फार आवडलं. घरी येईपर्यंत तेच बोलत होती.

दोन वर्षांनी तिला कॅन्सरनं नेलं. शेवटी शेवटी तिची थंडी कशानंच जात नव्हती. ईश्वर हॉस्पिटलमध्ये गेला की आधी तिची चादर झटकायचा, ब्लँकेटची घडी करायचा. ती चिडायची, "अहो, तुमची टापटीप नंतर करा. पांघरूण राहू द्या."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर तिच्या अस्थी कुठं ठेवायच्या, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. रीतसर परवानगी काढून त्यानं त्या जंगलातलं एक रोप निवडलं. शेजारचं म्हातारं झाड वादळात पडलं होतं, त्यामुळे तिथं छान ऊन यायचं. त्या रोपाच्या मुळाशी त्यानं तिला ठेवलं. आता त्या रोपाचं झाड व्हावं, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्याकडून हवी होती.

दर रविवारी बाप-लेक गाडीनं तिकडे जायचे. इंडियन स्टोअरमधून आणलेला खराटा डिकीत असायचा. एकदा मीही गेले. सगळं जंगल पानांनी गच्च भरलेलं आणि रोपाभोवतीच तेवढी स्वच्छ, उघडी माती, विहाराच्या अंगणासारखी.

"लय कचरा होऊन राहते ताई इथं," तो म्हणाला. "तिच्याजवळ बरं नाही दिसत."

 प्रेम असावं तर असं, असं मला वाटलं.

२००५ च्या उन्हाळ्यात पाऊसच नव्हता. रोपाची पानं कडेनं करपली. ईश्वर घरून कॅन भरभरून पाणी न्यायचा, पण ते पाणी आठवडाभर कुठलं टिकायला! ऑगस्टमध्ये त्यानं हर्षिताबरोबर मलाही नेलं. रोप काडीसारखं वाळलं होतं. त्याच्या आजूबाजूची बाकीची रोपं, ज्यांना कुणी वालीच नव्हता, ती हिरवीगार होती.

ईश्वरनं रेंजरबाईंना बोलावून आणलं. त्याला वाटत होतं, कसला तरी रोग असेल. बाईंनी वाकून माती चाचपली. नखानं रोपाची साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं.

"इथली पानं कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

"मी," ईश्वर म्हणाला. "दर आठवड्याला."

बाईंनी शेजारच्या रोपाखालची पानं बाजूला सारून खालची ओली माती दाखवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, की पडलेल्या पानांखालीच ओल टिकते. हिवाळ्यात माती गोठून मुळं उचलली जातात, तेही ही पानंच थांबवतात. उघड्या जमिनीत, उन्हात, कोवळ्या रोपाचं काही चालत नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या गेल्या.

"बाबा, इट्स ओके," हर्षिता रडत म्हणाली. "यू डिडन्ट नो."

तो गुडघ्यांवर बसला. शेजारच्या रोपांखालची पानं ओंजळीनं आणून त्या वाळक्या काडीभोवती रचायला लागला. रचत रचत पार शेंड्यापर्यंत आला. मी त्याला उठवायला गेले, तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ती तर सांगत होती मला, ताई," तो म्हणाला. "पांघरूण राहू द्या म्हणून."