झडतीकाका आणि शुक्रवारचं जॅझ

कलासंग्रहालयाच्या मधल्या दालनाचे पहारेकरी म्हणजे झडतीकाका. माणूस समोर आला की आधी त्याच्या पिशवीकडे बघायचं, चेहऱ्याकडे नंतर, ही त्यांची रीत. घरीही तीच. बायको बाजारातून आली की पिशवीत डोकावायचे. मुलगा सुट्टीला यायचा तेव्हा उंबऱ्यातच बॅग उघडून म्हणायचा, "बघून घ्या बाबा, मग मी आत येतो." काका खरंच बघून घ्यायचे. पुढे मुलाचं येणं कमी झालं, त्यातही काकांना संशय होता, तो सुनेचा.

अशा माणसाच्या दालनात संचालकबाईंनी दर शुक्रवारी संध्याकाळी जॅझच्या मैफली सुरू केल्या. चित्रांच्या मधोमध खुर्च्या, पियानो, ड्रम आणि अख्खा माणूस मावेल अशा वाद्यांच्या पेट्या. काकांचा जीव टांगणीला लागला. प्रेक्षकांच्या मागेमागे फिरतात म्हणून त्यांच्याबद्दल आधीच तक्रारी होत्या. "आणखी एक तक्रार आली तर तळघरातल्या गोदामावर पाठवीन," असं बाईंनी बजावलं होतं. गोदामात ना चित्रं, ना माणसं. तिथे संशय घ्यायचा तरी कोणाचा?

तरी पहिल्याच शुक्रवारी काकांच्या मनात पाल चुकचुकली. पियानोवाल्याने ट्रम्पेटवाल्याकडे बघून मान हलवली. ट्रम्पेटवाला वाजवायचा थांबला, मागे सरकला आणि थेट खिडकीजवळच्या छोट्या चित्रापाशी जाऊन उभा राहिला. चित्र एवढंसं, कोटाखाली सहज लपणारं. थोड्या वेळाने ड्रमवाल्याने भुवई उडवली, तसा हा परत आला. आता कोणी वाजवायचं आणि कोणी थांबायचं हे जॅझवाले असंच नजरेने ठरवतात, पण ते काकांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी इशारे करणारी माणसं एकाच धंद्यातली.

तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा मान हलली, ट्रम्पेटवाला चित्राकडे सरकला आणि त्याचा हात कोटाच्या खिशात गेला. काकांनी भर मैफलीत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"हात बाहेर काढा."

हातात निघाली ट्रम्पेटच्या तोंडाशी धरायची एक वाटी, आवाज दबका करणारी. वाजवणारे एकेक करून थांबले. खुर्च्यांमधून कोणीतरी फिसकन हसलं. काका पुरते तोंडघशी पडले.

बाई तरातरा पुढे आल्या. त्या काही बोलणार, तेवढ्यात ट्रम्पेटवाला म्हणाला, "बाई, यांना मीच खूण करून बोलावलं. वाटी कुठे पडली की काय, असं वाटलं मला. माझी काही तक्रार नाही."

बाईंना ते पटलं नसावं, पण पाहुण्याला खोटं कसं पाडणार? त्या जागेवर जाऊन बसल्या. वाद्यं पुन्हा सुरू झाली आणि काकांचं दालन काकांकडेच राहिलं.

मैफल संपल्यावर ट्रम्पेटवाला पेटी घेऊन दाराशी आला. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. ना ओळख, ना पाळख, आणि या माणसाने आपल्यासाठी खोटं बोलावं? घरच्यांनीही कधी त्यांची अशी बाजू घेतली नव्हती. त्यांना आभार मानायचे होते, शब्द ओठांवर आलेही होते. पण इतक्या सफाईने खोटं बोलणारा माणूस आणखी काय काय करत असेल?

"पेटी उघडा," काका म्हणाले.

ट्रम्पेटवाल्याने पेटी खाली ठेवून उघडली. आत ट्रम्पेट होता आणि एक फडकं. काकांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. तरी बाजूचा कप्पा चाचपल्याशिवाय त्यांनी झाकण लावू दिलं नाही.