मानपूरला गेलेली गाडी

मशीन दुरुस्त करायचं की नवं आणायचं, हे ठरवण्याचाच मला पगार मिळतो. इंदूरजवळ पीथमपूरच्या एका कारखान्यात मी खरेदी सांभाळते. तिथे हा प्रश्न अर्ध्या तासात सुटतो. पार्ट मिळतो का, मशीन किती वेळ बंद राहील, वर्षभराने पुन्हा हीच रड असेल का, एवढं विचारायचं आणि सही करायची. घरच्या गाडीचा निकालही मी असाच झटपट लावून टाकला. तो लावायलाच हवा होता, हे आजही म्हणेन. पण तो लावताना मी जे बोलले, ते घरातून अजून गेलेलं नाही.

गाडी सासऱ्यांची. पांढरी, छोटी, त्यांनी रिटायर झाल्यावर घेतलेली. त्यांना घरात सगळे बाबा म्हणतात, मीही. मी कंपनीच्या बसने जाते, नवरा स्कूटरवर. लग्नकार्य, उज्जैन, दवाखाना सोडला तर गाडी आठवडाभर पोर्चमध्ये उभी असायची. तिचा दिवस बुधवार. बुधवारी सकाळी बाबा गल्लीतल्या दोन मित्रांना घेऊन खजरान्याच्या गणपतीला जायचे. एक मित्र पुढे बसे, दुसरा मागे, मांडीवर दूर्वा आणि हार घेऊन. तिघांत गाडी चालवता येणारे बाबा एकटेच. परत येताना कचोरी खाऊन यायचे आणि घरी नाश्ता नको म्हणायचे. आम्हाला काही कळत नाही असं त्यांना वाटे.

बाबा ऐंशीच्या पुढे गेले आणि गाडीवर खुणा दिसू लागल्या. आधी फाटकाच्या खांबाने डावं दार ओरबाडलं. मग एक आरसा गेला. पुढच्या वर्षी, कॉलनीच्या वळणावर, त्यांनी भाजीचा ठेला उडवला. उडवला म्हणजे ढकलला. माणसाला काही लागलं नाही, दुधीभोपळे मात्र रस्ताभर.

मी धावत गेले तर बाबा गाडीतच बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"ब्रेकच लागला नाही वेळेवर," ते म्हणाले.

ठेलेवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, बाबूजी ने ब्रेक मारा ही नहीं. सीधे चले आए. मैं चिल्लाया भी. वो तो भगवान ने बचा लिया, मेरे को भी और लौकी को भी." आणि हसला. त्याच्या हसण्याने मला जास्त घाम फुटला. सकाळची वेळ होती. थोड्या वेळाने तिथूनच शाळेची मुलं जातात.

"तू सांग त्यांना, आता चालवू नका म्हणून," मी नवऱ्याला म्हटलं. "तुझे वडील आहेत."

"माझं ऐकतील ते? मी अजून त्यांच्यासमोर रिव्हर्स घेतो तर हात कापतात यार. तुझं ऐकतात. तूच बोल."

"काय बोलू? तुम्हाला आता दिसत नाही, असं?"

"असं नको ना. जरा गोड बोल."

गोड बोलणं हे माझं खातं नव्हे. रविवार येईपर्यंत मी बाबांना काहीच बोलले नाही. रविवारी गाडी घेऊन परदेशीपुऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. दार सरळ करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मला हवं होतं की ब्रेक खराब निघावेत. खराब ब्रेकसारखं सोयीचं काही नव्हतं.

मेकॅनिक गाडी घेऊन मालवा मिल चौकापर्यंत गेला आणि आला.

"भाभीजी, ब्रेक तो टनाटन है. किसने बोल दिया?" तो म्हणाला. "क्लच प्लेट डलेगी, आगे के शॉकअप, एसी में गैस. दरवाज़ा ठोक देता हूँ. फिर आराम से चलाओ. अपनी गाड़ी कहीं नहीं जाती."

रजिस्ट्रेशनही आम्ही नुकतंच पुढे वाढवून घेतलं होतं. कारखान्यातलं मशीन असतं तर मी तिथेच दुरुस्तीवर सही केली असती.

त्याऐवजी मी त्याला विचारलं की घरी फोन करून ब्रेक गेलेत, पार्ट मिळत नाहीत, असं तो सांगेल का.

"क्यों भाभी, मेरे धंधे पे लात क्यों मार रहे हो? कल पूरे मोहल्ले में फैल जाएगा कि इसको ब्रेक बनाना नहीं आता." मग हात पुसत म्हणाला, "बेचना हो तो सीधे बोलो. मानपुर में अपनी एक पार्टी है, टायर की दुकान है हाइवे पे. हाथोहाथ ले जाएगा."

तेव्हा जे सांगायचं होतं ते मीच सांगितलं. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"ब्रेक गेलेत. आतली लाइनच सडलीये. या मॉडेलचे पार्ट आता मिळत नाहीत म्हणे. काढून टाका म्हणाला."

नवरा आमटीत भात कालवत राहिला. मला वाटलं होतं बाबा भांडतील, दुसऱ्या मेकॅनिककडे चला म्हणतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. पण बाबांचा चेहरा उजळला.

"बघ, मी म्हणालोच होतो ना? मी ब्रेक दाबला होता. लागलाच नाही." मग नवऱ्याला म्हणाले, "तू उगाच माझ्याकडे तसा बघत होतास."

दुसऱ्या दिवशी ते चालत जाऊन ठेलेवाल्याला समजावून आले की दोष ब्रेकचा होता. मित्रांनाही सांगितलं. आठवडाभर त्यांची मान जरा ताठच होती. गाडी विकायला त्यांनी एका शब्दानेही नाही म्हटलं नाही. ज्या गाडीवर कोणी हात टेकला तर ते आतून ओरडत, ती गाडी त्यांनी मला सहज देऊन टाकली. मी मनात म्हटलं, झालं की काम.

मानपूरचा माणूस बसने आला. तगडा, हसरा, कपाळाला गंध. त्याने बॉनेट उघडलं, एक चक्कर मारून आला आणि खूश झाला. बाबा तोपर्यंत डिकीतलं सामान काढत होते: जुनी चादर, पान्यांची पिशवी, गणपतीचा वाळलेला हार. तो माणूस निघणार तेवढ्यात बाबा खिडकीशी गेले.

"भिया, ब्रेक का काम पहले करवा लेना."

"ब्रेक? ब्रेक तो अच्छे हैं, बाबूजी."

"नहीं नहीं. लाइन सड़ गई है. लगता है अच्छे हैं, पर ऐन टाइम पे धोखा देते हैं. तुम्हारे वहाँ आगे घाट है. घाट में मत ले जाना बनवाए बिना."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला मान हलवून "हां, दिखवा लेना" म्हटलं, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, असं आपण डोळ्यांनी सांगतो तसं. त्याला ते लगेच समजलं. "बिलकुल, बाबूजी," तो मोठ्याने म्हणाला आणि गाडी गेली.

मला वाटलं इथे विषय संपला. बाबांचा सुरू झाला.

"त्याने ब्रेक करून घेतले असतील का?" दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला पहिला प्रश्न. मी म्हटलं, घेतले असतील. चार दिवसांनी पुन्हा. मग पेपरात मानपूरच्या रस्त्यावरच्या ट्रकच्या अपघाताची बातमी आली, तर चष्मा लावून दोनदा वाचली. "गाडीचं नाव दिलेलं नाही," म्हणाले.

"बाबा, ट्रक होता तो."

"समोर कोण होतं ते कुठे लिहिलंय?"

एकदा मी ऑफिसातून आले तर ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते, जिथे गाडी असायची तिथेच. म्हणाले, "बेटा, आपण खराब गाडी दिली त्याला. सांगून दिली, पण दिली ना. पार्ट मिळत नव्हते तर भंगारात द्यायला हवी होती. त्याच्या घरी लहान मुलं असतील."

मी आत जाऊन भाजी चिरायला घेतली. माणूस आपल्या खोटेपणाने सुटतो किंवा पकडला जातो, एवढंच मी धरून चालले होते. तो खोटेपणा दुसऱ्याच्या गळ्यात पडेल आणि दुसरा तो इमानदारीने सांभाळत बसेल, हे माझ्या हिशेबात नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, आता सांगून टाकू. तो म्हणाला, "आता? नवी गाडी येतेच आहे दोन आठवड्यांत. विसरतील." मलाही तेच सोयीचं होतं.

नवी गाडी ऑटोमॅटिक घेतली. ही कल्पना नवऱ्याची. बाबांना सवय नाही, आपोआप लांब राहतील. गाडी मोठी होती, राखाडी रंगाची. बुधवार बघून मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही ती घेऊन खजरान्याला गेलो. इंदुरात नवी गाडी आली की आधी तिथेच जाते. त्या दिवशीही रांग होती. आमच्यापुढे एक ट्रॅक्टर, मागे दोन स्कूटर आणि एक लोडिंग रिक्षा, सगळ्यांना झेंडूच्या माळा. पुजाऱ्याने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आरशाला मोलीचा लाल दोरा बांधला, नारळ फोडला आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं.

"चलो, घर के बड़े बैठो. गाड़ी आगे लो," तो म्हणाला. मागची स्कूटर हॉर्न देत होती.

घरातल्या मोठ्याने गाडी लिंबांवरून काढायची असते. आमच्या घरातली प्रत्येक गाडी बाबांनीच काढली होती. नवऱ्याची स्कूटरसुद्धा. हे मला माहीत होतं आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

बाबांनी हात पुढे केला. नवीन शर्ट घातला होता. "दे चावी."

"बाबा, ही ऑटोमॅटिक आहे," नवरा म्हणाला.

"माहितीये. शोरूमवाल्याला विचारलं मी. क्लच नाही, गिअर नाही, फक्त ब्रेक आणि रेस. माझ्यासाठी तर आणखी सोपी." मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "आणि हिचे ब्रेक नवे आहेत. आता कसली भीती?"

नवऱ्याने नारळाच्या तुकड्यांकडे बघितलं. समोर हार-प्रसादाची दुकानं, त्यांच्यामध्ये माणसं, कडेवर पोरं. चावी माझ्या मुठीत होती. मी बाबांचा दंड धरून त्यांना गाडीच्या मागच्या बाजूला नेलं.

"बाबा, त्या गाडीचे ब्रेक ठीक होते."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा सांगितलं. "मेकॅनिकने बघितले होते. काही खराब नव्हतं. मी खोटं बोलले."

आधी त्यांचे खांदे खाली आले. "म्हणजे तो मानपूरवाला..."

"त्याची गाडी चांगली आहे. त्याला काही होणार नाही."

"चला," ते म्हणाले. "बरं झालं." डोळे मिटून त्यांनी कळसाकडे हात जोडले. मी तेवढ्यात सुटले असं मला वाटलं, तर त्यांनी डोळे उघडले, आणि आता पुढचं त्यांच्यापर्यंत पोचत होतं. मी ते पोचताना बघितलं. ठेला, खांब, आरसा, सगळं एकेक करून.

"मग विकली का?" त्यांनी विचारलं.

मी मुठीतल्या चावीकडे बघितलं.

"तू मला सांगायचंस ना. बाबा, तुम्ही चालवू नका, एवढंच. मी नसती चालवली." ते माझ्याशी भांडत नव्हते, हिशेब समजावून घेत होते. "गाडी तर राहिली असती. तू चालवली असतीस. तिचा काय दोष होता?"

"आ जाओ माताजी, पीछे लाइन लगी है," पुजारी ओरडला.

बाबा स्वतःच गाडीचं मागचं दार उघडून आत बसले. मी स्टिअरिंगला बसले. लिंबं चाकांखाली फुटली की नाही, मला कळलंही नाही. नवी गाडी, आत काही आवाज येत नाही.

क्लच प्लेट, शॉकअप आणि एसीचा गॅस. तेवढी दुरुस्ती करून मी ती गाडी ठेवू शकले असते, चावी माझ्या पर्समध्ये ठेवून. एक वाक्य वाचवायला मी गाडी बदलली. कारखान्यात कोणी असा प्रस्ताव माझ्यासमोर आणला असता तर मी त्याला केबिनबाहेर काढलं असतं.

आता बुधवारी कंपनीच्या बसच्या आधी मी तिघांना खजरान्याला नेते. पहिल्या वेळी बाबा म्हणाले, "तुला उशीर होईल, आम्ही रिक्षाने जाऊ." मी म्हटलं, बसा. ते माझ्या शेजारी बसतात, दोघं मित्र मागे, हार त्यांच्या मांडीवर. येताना कचोरीच्या दुकानाशी मी न सांगता थांबते.

परवा मागून एक मित्र म्हणाले, "मोठी गाडी आहे, एसी आहे, सगळं आहे. पण तुमच्या त्या गाडीची मजा वेगळी होती हो. तिचे ब्रेक गेले नसते तर..."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. बाबा समोर रस्त्याकडे बघत होते.

"हो ना," ते म्हणाले. "पार्टच मिळेनात."