सर्जेराव पाटोळे यांचा डावा गाल

आर्मी क्वार्टरमधल्या पोरांना विचारा, ती छातीठोक सांगतील की सर्जेरावकाकांनी चर्चमध्ये माणूस मारला आणि व्यासपीठाखाली पुरला, म्हणूनच ते मधोमध फुगलंय.

कुणीही मेलेलं नाही. आमचं मराठी चर्च जयपूरच्या आदर्श नगरात, गाद्यांच्या दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतं. मुडदा पुरला तर तो थेट दुकानदाराच्या गल्ल्यावर पडेल. फुटलं ते फक्त गौरांगदादाचं नाक. पण काय फुटलं. मी तिसऱ्या रांगेत होते, आवाज ऐकलाय. वाळका पापड मुठीत चुरडावा तसा.

सर्जेराव पाटोळे मूळचे नेवाशाकडचे. सैन्यात हवालदार, नव्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचे. स्वतःचं नाक वाकडं, एक कान चुरगळलेला. रिटायर झाल्यावर जयपुरातच राहिले, झालाना भागातल्या एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन. रविवारी चर्चचं दारही त्यांचंच. कुणी नेमलं नव्हतं. उशिरा आलेल्याला दंड धरून जिन्यात उभा करायचे, "प्रार्थना चालूय. हितंच ऱ्हा." फाटकी जीन्स दिसली की, "आईला सुई मिळंना व्हय?" एकाचा मोबाइल वाजला तर त्याला कॉलरला धरून असा खाली नेला की त्याचे पाय पायऱ्यांना लागलेच नाहीत. त्यांच्या बायकोनं, रत्नमालाकाकूंनी, किती वेळा सांगितलं, "अहो, देवाचं घर हाय, बराक न्हाई."

माणसं रोडावत गेली. मग आमच्या पाळकांनी, अभिजितसाहेबांनी, सभा बोलावली. ते चहा मागतानाही "प्रियांनो" म्हणतात. "प्रियांनो, मंडळीत नवं जीवन यायला हवं. प्रत्येकानं उभं राहून सांगावं, देवानं मला इथं कशासाठी ठेवलंय."

काका सावधानमध्ये उभे राहिले. "म्या राखण करतो. देवानं हात दिलं ते त्याच्यासाठीच."

गौरांगदादा पुण्याचा, आयटीवाला, उपासनेत गिटार वाजवतो. तो म्हणाला, "काका, राखण कुणापासून? मतलब, बेसिकली तुमच्यामुळंच लोक येत नाहीत. माझे मित्र तुम्हाला बघून जिन्यातनं परत गेले. तुमचं इथं काही कामच नाही."

आणि पापड.

पुढच्या प्रकाराला पाळकसाहेब "खेदजनक प्रसंग" म्हणतात. मी लढाई म्हणते. फौजी एका बाजूला, आयटीवाले दुसऱ्या. खुर्च्या उडाल्या. गिटारची मान मोडली. एका सुभेदारांनी एका कोडिंगवाल्याला पेटीवर आपटला, पेटी लांबलचक रडली. मधोमध "प्रियांनो, प्रियांनो" चाललेलं, तेवढ्यात गीतांचं जाड पुस्तक येऊन पाळकसाहेबांच्या कपाळावर बसलं. गौरांगदादाच्या हनुवटीवरून रक्त टपटपत होतं आणि तो नाक धरून विचारत होता, "मोडलं का? कुणीतरी बघा ना, मोडलं का?"

त्यानंतर तरुण मंडळी यायचीच बंद झाली.

आमच्यात रीत आहे. भावाशी वैर असेल तर प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नाही, आधी समेट. ताट काकांपाशी आलं, त्यांनी न बघता पुढं दिलं. पुढच्या महिन्यातही तेच. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बाथरूमच्या भिंतीवर ठोसे मारले, टाइल फुटेपर्यंत. काकू म्हणतात, तोंडात एकच, "मंग कामून ठिवलंय मला?" दारावर उभं राहणंही त्यांनी सोडलं.

शेवटी ते काकूंना घेऊन राजा पार्कात गौरांगदादाच्या फ्लॅटवर गेले. त्यानं दार उघडताच म्हणाले, "चुकलो. घे, मार." आणि डावा गाल पुढे. दुसरा गाल पुढे करण्याचं बायबलातलं वचन काकांनी वरून आलेल्या हुकमासारखं वाचलं होतं.

"इथं? मला तुम्ही सगळ्यांसमोर मारलंत."

"मंग रविवारी. सगळ्यांम्होरं."

ही बातमी ऐकून आयटीवाले झाडून सगळे हजर. मी जिन्यातच काकांना गाठलं. "काका, तुमचा हात उठणार. पैज."

"न्हाई उठायचा. उठला तर म्हयनाभर तुला कचोरी. न्हाई उठला तर सतरंजीवर जे सांडंल ते तू धुवायचं, अबोले."

मी मनात कचोरी खायलाही लागले.

उपासना संपली. प्रभुभोजनाच्या मेजासमोर काका खुर्चीत बसले, दोन्ही हात मांड्यांखाली. गौरांगदादानं एक थप्पड लगावली.

"ह्ये काय, माशी हाकलतोस? पाय फाकव. टाच उचल. अंगठा मुठीच्या भायेर, न्हाईतर मोडशील. जोर कमरेतनं."

"प्रियांनो," पाळकसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

गौरांगदादानं पाय फाकवले, अंगठा बाहेर काढला.

"आसं. आता मनात हाय तेवढं सोड."

त्यानं सोडलं. काकांची मान फिरली, दात काकूंच्या चपलेपाशी जाऊन पडला, सतरंजीवर लाल पिचकारी. मी फक्त हात बघत होते. खांदे उसळले, दंडाच्या शिरा दोरखंडासारख्या ताणल्या, खुर्ची करकरली. हात मांड्यांखालीच.

"आजून येक?" काकांनी रक्त गिळत विचारलं.

"नको," म्हणून गौरांगदादा खाली बसला आणि भोकाड पसरून रडला. मग उठून त्यानंच मेजावरची भाकर मोडली. काका हात काढेनात, म्हणून त्यानं तुकडा त्यांच्या तोंडात घातला. तुकडा लगेच लाल झाला. काकांनी तो डोळे मिटून चावला, उरलेल्या दातांनी.

पुढच्या रविवारी गौरांगदादाचे जिन्यातून परत गेलेले मित्र आले. दात बघायला आले होते, पण उपासनेला शेवटपर्यंत बसले. पाळकसाहेबांनी काकांना तोच प्रश्न पुन्हा विचारला. काका म्हणाले, "आजून कळलं न्हाई. पर दार उघडंच ऱ्हाऊ द्या."

कचोरी मला मिळाली नाही. त्या मार खाल्लेल्या रविवारीच, गाद्यांच्या दुकानामागच्या नळावर मी सतरंजी घासत होते आणि काका सुजलेला गाल घेऊन शेजारी उभे होते.

"गरम पाणी नको," ते बोबडं बोलले, "थंड घे. गरमानं रक्त बसतं. आन् हे कोपऱ्यातलं ऱ्हायलं बघ."