समिती येतेय, मामा!

सेनगाव रोडवरच्या आमच्या कॉलेजात मी क्लार्क. तपासणी समिती येणार म्हटलं, की इथं फायलींच्या आधी किस्सेच तयार होतात. फायली निदान कपाटात तरी मावतात!

*

पहिला फतवा निघाला हजेरीचा. प्राध्यापकांनी मशीनवर अंगठा लावायचा. वनस्पतिशास्त्राचे कदम सर सकाळी शेतात सोयाबीन निंदून यायचे. अंगठ्याच्या रेघाच घासलेल्या. मशीन सारखं म्हणे, "पुन्हा प्रयत्न करा!"

शिपाई गंगाराममामा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सर, तुमची शेतातली हजेरी लागली, ते मशीनला बराबर कळून राहिलं!"

*

विद्यार्थ्यांचे फीडबॅक फॉर्म मीच भरायचो. सगळीकडं 'उत्कृष्ट'! नव्या प्राचार्य मॅडमनी गठ्ठा चाळला.

"देशमुख, अख्ख्या वर्गाचं अक्षर तुमच्यासारखं कसं हो?"

मान खाली घातली अन् पोरांकडून फॉर्म भरून घेतले. अर्थशास्त्राच्या जाधव सरांबद्दल एकानं लिहिलं, "सर लई चांगलं शिकवतात. काय शिकवतात, ते कळत न्हाई."

सर दोन दिवस तो फॉर्म खिशात घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी वर्गात पुस्तक मिटून विचारलं, "पोरांनो, मोंढ्यात सोयाबीनचा भाव ठरवतं कोण?" तास संपला तरी पोरं उठेनात!

*

मॅडमनी ग्रंथपालांना विचारलं, "पुस्तकं किती हरवली?"

"एकबी न्हाई!" छाती फुगवून उत्तर.

"आणि वाचायला किती गेली?"

"तेबी... एकबी न्हाई."

मॅडमनी कपाटं उघडी करायला लावली. आता चार-दोन पुस्तकं हरवतात. मॅडम रजिस्टर बघून हसतात!

*

शेवटी समिती आली. अध्यक्षांनी विचारलं, "तक्रारपेटी आहे का?"

होती की, भिंतीवर! चावी मात्र कुणाकडंच नाही. मामांनी हातोडीनं कुलूप तोडलं. आत एकच चिठ्ठी. अध्यक्षांनी मोठ्यानं वाचली, "ही पेटी उघडतं कोन?"

आम्ही सगळे गार!

मागून सविता राठोड उभी राहिली. तांड्यावरून एसटीनं ये-जा करून इथंच शिकलेली, आता तासिका तत्त्वावर इथंच शिकवणारी.

"सर, ती मी लिवली व्हती. पहिल्या वर्षाला असताना."

मामांनी नवं कुलूप आणलं. मॅडमनी ते पेटीला लावलं अन् चावी सवितासमोर धरली.

"उशीर झाला, बाई. पण तुझ्या चिठ्ठीचं उत्तर घे. तू!"